निरोगी माणसाचं जेवण

“श्वास अडकतो का त्यांचा?”

आचारी टेबलापाशी येऊन माईच्या मुलाला विचारत होता. डोक्यावरची टोपी काढून त्याने हातात धरली होती, कुणाच्या घरी तब्येतीची चौकशी करायला आल्यासारखी.

“कधी कधी,” मुलगा म्हणाला.

माईने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. आपला श्वास शेवटचा कधी अडकला होता, ते तिला आठवेना.

समुद्राकाठच्या शहरातली ही त्यांची पहिली संध्याकाळ होती. माई, तिचा मुलगा, सून आणि सात वर्षांची नात बिट्टी, अशी चौघं सकाळीच येऊन पोहोचली होती. हॉटेलच्या खिडकीतून बंदर दिसत होतं, आणि आतल्या जवळजवळ प्रत्येक ताटात मासा होता. वेटरने मेन्यू हातात द्यायच्या आतच मुलाने सांगून टाकलं होतं, की आईला ॲलर्जी आहे. अंडी, दूध, लोणी, मासे, मांस, यातलं काहीही चालत नाही. वेटर घाईघाईने आत गेला होता आणि आचारी बाहेर आला होता.

जेवण आलं ते वेगळ्या पातेल्यातून, वेगळ्या ताटात. टोमॅटोचं सूप, भात, शिजवलेल्या शेंगा. भातात एक लाल कागदी निशाण खोचलेलं होतं, म्हणजे कुणी चुकून दुसऱ्या टेबलावर नेऊ नये. माईने पहिला चमचा गिळेपर्यंत वेटर बाजूला उभा राहून तिच्या गळ्याकडे बघत होता. सूप चांगलं होतं. ती ते सगळं प्यायली.

खोलीवर आल्यावर तिने विचारलं, हे काय होतं म्हणून. मुलाने बूट काढता काढता समजावून सांगितलं. तो एका कंपनीच्या तक्रार विभागात काम करत असे. दिवसभर फोनवर लोकांची गाऱ्हाणी ऐकून घ्यायची, आणि कुठल्या शब्दाने कुठलं खातं हलतं ते ओळखायचं, यात त्याचा हातखंडा होता.

“इच्छा सांगितली की लोक वाद घालतात, माई. आजार सांगितला की धावतात. मी रोज हेच बघतो.”

“पण मी आजारी नाही.”

“मला माहितीय ना. त्यांना कळायची काय गरज? सूप मिळालं की नाही?”

सूप मिळालं होतं, हे खरं होतं.

माईने सगळी नोकरी एका हॅचरीत केली होती. यंत्रात अंडी उबवून पिल्लं काढायची आणि अंड्यांचा धंदा करणाऱ्यांना विकायची, असा तो कारखाना. माईचं टेबल शेवटचं. पांढऱ्याशुभ्र दिव्याखाली एका दिवसाचं पिल्लू डाव्या हातात घ्यायचं, अंगठ्याने त्याचा पंख उलगडायचा आणि पिसांच्या दोन ओळी बघायच्या. एक ओळ लांब आणि एक आखूड असेल, तर मादी. दोन्ही सारख्या असतील, तर नर. मादी उजवीकडच्या ट्रेमध्ये जायची. ती पुढे अंडी देणार. नर अंडी देत नाही, आणि त्या जातीच्या नराच्या अंगावर मांसही धरत नाही, म्हणून तो डावीकडच्या पन्हळीत जायचा. पन्हळीच्या पलीकडे जे यंत्र होतं, त्याचा आवाज बाहेर येऊ नये अशी व्यवस्था केलेली होती.

माईचा हात फार चालायचा. पाहुणे आले की साहेब त्यांना मुद्दाम तिच्या टेबलापाशी आणून उभं करायचे. नवरा लवकर गेला होता, आणि त्या पगारावर मुलगा शिकला. तडा गेलेली अंडी कामगारांना स्वस्तात मिळत, ती रोज पिशवीतून घरी येत. आमचं घर अंड्यांवर उभं आहे, असं मुलगा मित्रांना हसत सांगायचा, आणि ते खोटं नव्हतं.

निवृत्त झाल्यानंतर काही दिवसांनी माईने सकाळच्या चहात दूध घालायचं बंद केलं. अंडी त्याआधीच बंद झाली होती. मासे, मटण, दही, तूप, एकेक करत सगळंच गेलं. रडारड नाही, भाषण नाही, नुसतं “मला नको.” मुलाने डॉक्टरकडे नेलं. रिपोर्ट इतके चांगले आले की डॉक्टरांनी तिचं अभिनंदन केलं. धाकट्या बहिणीने फोन करून विचारलं, कुणाच्या नादी लागलीस का. घरात एखादी गोष्ट न खायला दोनच कारणं चालतात, डॉक्टर किंवा देव. माईकडे दोन्ही नव्हतं. शेवटी बिट्टीने शाळेतून शब्द आणला, की आजी वीगन आहे. शब्द मिळाल्यावर घर जरा शांत झालं, पण घराबाहेर तो शब्द घेऊन जायची मुलाला लाज वाटत असे. ॲलर्जी त्यापेक्षा बरी.

दुसऱ्या दिवशी बोटीची सफर होती. तिकिटात खाणं धरलेलं असल्यामुळे मुलाने बुकिंग करतानाच ॲलर्जीचं लिहून टाकलं होतं. बोटीवरच्या बाईने माईच्या मनगटाला लाल पट्टी बांधली आणि सगळ्यांपासून लांब, मागच्या कोपऱ्यात बसवलं. पुढे सँडविचं वाटली जात होती. शेजारच्या एका गृहस्थाने पट्टी बघितली आणि तिला आपल्या दम्याची पहिल्यापासूनची हकिगत सांगितली, अगदी बरोबरीच्या नात्याने. मध्येच पाण्यात डॉल्फिनची पाठ दिसली म्हणून सगळे बोटीच्या पुढच्या टोकाला धावले. माई उठली, तर बोटीवरची बाई म्हणाली, “तुम्ही बसून राहा हं, काकू. उगाच दगदग नको.” माई बसली नाही. पण ती पोहोचेपर्यंत पाठ पाण्याखाली गेली होती.

बोट धक्क्याला लागली आणि मुलाने बिट्टीला आइस्क्रीम घेऊन दिलं. तो आणि सून पुढे मत्स्यालयाच्या तिकिटांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. धक्क्यावरून वर जायच्या पायऱ्या शेवाळाने हिरव्या झालेल्या होत्या.

“हात दे, बिट्टे. घसरशील.”

बिट्टीने हात मागे घेतले. “नको. माझ्या हाताला आइस्क्रीम लागलंय.”

“मग लागू दे की.”

“बाबा म्हणाले, तुला लागलं तर तुझा श्वास बंद होईल.” ती एक पायरी खाली सरकली. मग तिला काहीतरी आठवलं आणि तिचा चेहरा बदलला. “आजी, काल रात्री मी दूध प्यायले होते. आणि मग तुझा पापा घेतला. तुला काही झालं नाही ना?”

माईने सांगितलं, की तिला काही झालं नाही, कधीच काही होत नाही. बिट्टीला ते पटलं नाही. बाबांनी स्वतः आचाऱ्याला सांगितलं होतं. आचाऱ्याने टोपी काढली होती. आजीच्या ताटात निशाण होतं आणि आता तिच्या हातावर पट्टीही होती. एवढ्या पुराव्यापुढे एकट्या आजीचा शब्द कुठे पुरणार? बिट्टी दोन्ही हात अंगापासून लांब धरून, भिंतीच्या कडेकडेने एकटीच पायऱ्या चढली.

माई तिथेच पायरीवर बसली. मनगटावरची पट्टी पक्क्या गोंदाची होती. ती दाताने तोडावी लागली.

वरच्या रस्त्यावर एक बाई गाडीवर मक्याची कणसं भाजत होती. माईने एक मागितलं.

“लोणी लावू?”

“नको. मी खात नाही.”

“बरं,” बाई म्हणाली, आणि लिंबू-मीठ चोळून कणीस तिच्या हातात दिलं. पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलीसुद्धा.

माई उभ्याउभ्या ते कणीस खात राहिली. इतकं सोपं असू शकतं, हे तिला माहीत होतं. फक्त प्रत्यक्ष बघायला मिळालं नव्हतं.

मत्स्यालयाच्या दारात तिने मुलाला सांगितलं, की आज संध्याकाळी माझं मी सांगेन. मुलाचा चेहरा पडला. आज त्याच्या लग्नाला दहा वर्षं पूर्ण होत होती. शहरातल्या चांगल्या हॉटेलात टेबल मिळवलं होतं, केक सांगितला होता, फोनवरून ॲलर्जीचंही कळवून ठेवलं होतं.

“एक संध्याकाळ असू दे ना ॲलर्जी. उद्या निघायचंच आहे,” तो म्हणाला. “आमच्यासाठी.”

“तुमच्यासाठी नवी साडी नेसते. आजारी नाही पडणार.”

सुनेने तिकिटं दाखवली आणि सगळी आत गेली. काचेपलीकडे एक मोठा मासा तोंड उघडत आणि मिटत होता.

संध्याकाळच्या हॉटेलातली आचारीण धिप्पाड होती. ती बाह्या दुमडूनच बाहेर आली. दुपारपासून एक शेगडी फक्त तुमच्यासाठी अडवून ठेवली आहे, भांडी उकळून घेतली आहेत, असं तिने सांगितलं. बोलणं रोखठोक होतं, पण काळजीचं होतं. मग तिने मुलाला विचारलं, “इंजेक्शन जवळ ठेवलंय ना?”

मुलाने तोंड उघडलं.

“इंजेक्शन नाही,” माई म्हणाली. “ॲलर्जीही नाही. मी हे खात नाही, एवढंच.”

आचारिणीने आधी मुलाकडे बघितलं, मग माईकडे. “म्हणजे खाल्लं तर काही होत नाही तुम्हाला?”

“काही होत नाही. पण खाणार नाही.”

“मावशी, आज सुट्टीची गर्दी आहे. मी आजारी माणूस म्हणून शेगडी अडवली.”

“ते आमचं चुकलं. शेगडी मोकळी करा,” माई म्हणाली. “पण आजारी माणसाचं ऐकलंत, तसं धडधाकट माणसाचंही ऐका. दूध, लोणी, अंडं, मासा, मटण नसलेलं जे असेल ते आणा.”

“मग उकडलेले बटाटे मिळतील. सोलायला माणूस मोकळा नाही.”

“सालासकट आणा. मीठ आहे ना?”

“मीठ आहे,” आचारीण म्हणाली आणि गेली.

शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी बोलणं थांबवलं होतं. मुलाचे कान लाल झाले होते. चारचौघांत माझी शोभा केलीस, असं तो खालच्या आवाजात म्हणाला. आणि मग इतके दिवस दाबून ठेवलेलं बाहेर आलं.

“तुझ्याच अंड्यांवर वाढलो ना आम्ही?”

“हो. आणि चांगला वाढलास. त्याची मी कुणाकडे माफी मागत नाही.”

“मग आता काय झालं?”

“तेव्हा आपलं पोट होतं, म्हणून केलं. चोख केलं. हात एकदाही थरथरला नाही माझा.” माईने समोरचा चमचा सरळ केला. “आता त्या कामाचा पगार कोण देतंय मला? मग जेवायला बसून फुकटात कशाला करू?”

“आणि दूध?” सुनेने हळूच विचारलं. एवढ्या महिन्यांत तिने पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

“गाईलाही नर होतातच की.”

“मासे तरी?” मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात आता राग कमी आणि थकवा जास्त होता.

“मला आता निवडत बसायचंच नाही, बाबा. पुष्कळ निवडलं.” माई थोडी पुढे झुकली. “डॉक्टरने सांगितलं असतं तर ऐकलं असतंस. देवाला सोडलं म्हटलं असतं, तरी ऐकलं असतंस. मला कुणी सांगितलेलं नाही. माझं मी सांगतेय. आणि तुझ्या पोरीला माझा हात धरायची भीती वाटतेय, ती तुझ्या या ॲलर्जीने. ती आजपासून बंद.”

मुलाने बिट्टीकडे बघितलं. त्याला हे ठाऊक नव्हतं.

बिट्टीने सगळं ऐकलं होतं. “म्हणजे तू मरणार नाहीस?”

“एवढ्यात नाही. आणि केकने तर नाहीच.”

बटाटे आले. चार, सालासकट, वाफाळते, बाजूला मिठाची वाटी. त्याच वेळी दुसरा वेटर मेणबत्त्या पेटवलेला केक घेऊन आला आणि टेबलावरचा रंग बघून जरा घोटाळला. माई बोटांनी साल सोडवू लागली. चटका बसला की बोट कानाच्या पाळीला लावायची आणि पुन्हा सुरू करायची. मेण केकवर ओघळायला लागलं.

“कापा की,” ती म्हणाली. “माझ्यासाठी कशाला थांबलात?”

मुलाने आणि सुनेने केक कापला. पहिला तुकडा त्यांनी एकमेकांना भरवला, थोडा अवघडून, मग दुसरा जरा नीट.

बिट्टी आपला तुकडा संपवून खुर्चीवरून उतरली, टेबलाला वळसा घालून आली आणि माईच्या मांडीवर चढली. तोंड क्रीमने भरलेलं, हातही. ताटातला सोललेला बटाटा तिने सरळ उचलला.

“हा मला?”

माईने बटाट्याकडे बघितलं. नातीच्या बोटांचे पांढरे ठसे एका बाजूला उमटले होते. तिने तेवढी बाजू मोडून बिट्टीच्या तोंडात घातली, उरलेल्यावर मीठ भुरभुरवलं आणि तो सावकाश खाल्ला.