मास्टरचा शेवटचा शॉट

निम्मं आयुष्य तो पडद्यावर दारं उघडत होता. ऑपरेशन थिएटरच्या दारातून बाहेर येऊन नकारार्थी मान हलवणारा डॉक्टर, मुलीला उंबऱ्याबाहेर काढणारा बाप, सगळं आटोपल्यावर पोचणारा इन्स्पेक्टर. चेहरा सगळ्यांच्या ओळखीचा, नाव कुणालाच ठाऊक नाही. रस्त्यात लोक थांबवून विचारायचे, तुम्ही आमच्या बँकेत होतात का?

मग एका मारधाडीच्या सिनेमाचा दिग्दर्शक हिरोशी भांडून मध्येच निघून गेला. सेट उभा, माणसं खोळंबलेली. निर्मात्याने इन्स्पेक्टरच्या वर्दीत कोपऱ्यात बसलेल्या याला गाठलं. तू कायम सेटवर बसून सगळं बघत असतोस, तूच संपव म्हणाला. त्याने संपवला. सिनेमा तुफान चालला आणि मारामाऱ्या त्याच्या गळ्यात पडल्या त्या कायमच्या. लोक त्याला साहेब म्हणू लागले. बायको मात्र म्हणायची, "घरात झुरळ दिसलं तर मला हाक मारतो, आणि तिकडे बघावं तर मुडद्यांचा खच."

त्याच्या प्रत्येक सिनेमात फाइट मास्टर एकच. मारामाऱ्या बसवायचा आणि अवघड उडी असली की हिरोचे कपडे घालून स्वतःच मारायचा. साहेबाच्याच वयाचा. चारचौघांत 'साहेब', दोघंच असले की अरे-तुरे. दुपारी एकत्र जेवायचे, तेव्हा गप्पा गुडघ्यांच्या आणि ॲसिडिटीच्या.

यंदाच्या सिनेमात हिरो तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडणार होता. साहेबाने एखादा तरणा गडी घ्यायला सांगितलं. मास्टरने या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. खाली पुठ्ठ्याची खोकी, त्यांवर गाद्या रचल्या. मास्टर पडला, आणि असा पडला की कॅमेरामनच्या तोंडून 'वा' निघून गेलं. पण तो गादीच्या कडेला आदळला होता. धूळ बसली तरी उठला नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं.

निर्मात्याला तो शॉट जाहिरातीत हवा होता. साहेबाने साफ नकार दिला. सिनेमातूनही काढून टाकला, त्या जागी गॅलरीचा रिकामा कठडा दाखवला. आपण दोस्ताची लाज राखली, असं त्याला वाटत होतं.

हॉस्पिटलात त्याने हे मास्टरला सांगितलं.

"कुणाला विचारून काढलास?"

"अरे, तुझं हाड मोडताना लोकांनी शिट्ट्या मारायच्या?"

"मग कधी मारायच्या? आजवर इतका पडलो, पण चांगला पडलो तो हा एकदाच. आणि नेमका तोच तू काढतोस." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आता मी काही परत पडणार नाही. लाव तो."

तिथून साहेब थेट एडिटरकडे गेला. शॉट परत लावायचा तर तो पाहावा लागणार होता. एडिटर तुकडा पुढे-मागे करत राहिला आणि पडद्यावर मास्टर पडत राहिला. हात पसरलेले, शर्ट फुगलेला. मध्ये हिरोचा चेहरा टाकू का, असं एडिटरने विचारलं. साहेब म्हणाला, नको, जमिनीला लागेपर्यंत त्याच्यावरच राहू दे. बाहेर येऊन तो जिन्यात बसला. इतकी वर्षं 'ॲक्शन' म्हणताना आपण श्वास रोखून धरत आलो, हे त्याला आत्ता कळत होतं.

सिनेमा बरा चालला. मास्टर कुबड्या घेऊन बघून आला आणि फोनवर म्हणाला, "डावा हात जरा लवकर सुटला. बाकी झकास." पुढचा सिनेमा कधी, असंही विचारलं. साहेब म्हणाला, बघू.

निर्मात्याकडे जाऊन त्याने सांगितलं की आता माझ्याच्याने होत नाही. निर्माता नाराज होईल, आढेवेढे घेईल, म्हणून वाटेत चार वाक्यं जुळवून ठेवली होती. त्यांची गरजच पडली नाही. पुढच्या सिनेमासाठी दुसरा दिग्दर्शक आधीच ठरला होता. तुला कसं सांगायचं हाच पेच होता, असं म्हणून निर्मात्याने त्याला चहा पाजला.

घरी आल्यावर त्याने बायकोला हे सगळं सांगितलं. तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं.

"वाईट वाटलं?"

"वाटलं थोडं," तो म्हणाला. "फार नाही."

ती सोफ्यावर सरकली. भर दुपारी, बूटही न काढता तो तिच्या शेजारी आडवा झाला, आणि ती पुढचं काही विचारेपर्यंत त्याला झोप लागली होती.