मूठ उघडा, मूठ मिटा

वाडीच्या गोदामात थप्पीवरचं पोतं डोक्यात पडलं, तेव्हापासून गिरिधर खाटेला खिळला होता. डोळे उघडे असायचे, पण नजर कशावर ठरायची नाही. त्याला काही कळत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. अकरा महिने त्याची बायको जयवंता त्याला नळीतून भरवत होती, कूस बदलत होती, आणि मनात येईल ते त्याच्या देखत बोलत होती.

मग इस्पितळातल्या डॉक्टर दिपाली मॅडमनी त्याला तपासणीला बोलावलं. असे निपचित पडलेले काही जण आतून सगळं ऐकत असतात, असं नव्या संशोधनात दिसलं होतं. त्यांनी गिरिधरच्या डोक्याला तारांची टोपी घातली. कानात आवाज सोडला, ‘उजवी मूठ मनातल्या मनात उघडा, मिटा. आता थांबा.’ हात हलला नाही. संगणकावरच्या रेषा मात्र हलल्या, थांबा म्हटलं की थांबल्या.

“ते ऐकतात,” मॅडम म्हणाल्या.

“म्हंजे दादा बरा होईन?” दीर प्रेमानंदनं विचारलं.

“ते सांगता येत नाही.”

जयवंतानं हळूच विचारलं, “कधीपासून ऐकून राहिले असतीन?”

“कदाचित सुरुवातीपासून.”

जयवंतानं प्रेमानंदकडे पाहिलं. दिवाळीनंतर खाटेशीच बसून ती प्रेमानंदला म्हणाली होती, “भाऊजी, नळी काढून टाकू. हे बी सुटतीन, मी बी सुटीन.” प्रेमानंद नाही म्हणाला नव्हता.

घरी आल्यावर ती गिरिधरच्या उशाशी बसली.

“थकली होती मी. म्हणून बोलली.” तिनं त्याची चादर सारखी केली. “पण खोटं नोहोतं ते. तुमाले खोटं काहून सांगू?”

गिरिधरचे डोळे छताकडे उघडेच होते.

महिन्यानं पुन्हा टोपी चढली. ‘हो’ म्हणायचं असेल तर मूठ, असं ठरलं. त्या बोलण्यावरून रागावले का, एवढंच जयवंताला विचारायचं होतं. मॅडमनी आधी सोपं विचारलं, तुमचं नाव गिरिधर का? तीनदा विचारलं. रेषा हलल्या नाहीत.

“दमले असतील. पुढच्या महिन्यात परत बघू?”

“नको, मॅडम,” जयवंता म्हणाली.

प्रेमानंदचं येणं हळूहळू बंद झालं. जयवंता मात्र गिरिधरला पुसताना आता आधी सांगते, पाणी कोमट आहे, डावी कूस करते. बाकी काही बोलायचं झालं, की ती बाहेर ओट्यावर जाते.