भुईमुगाची लावणी

या, अंमळ पुढं सरका. दाराशी बसलेल्यांनो, तुम्हीही आत या. बाहेर धुकं उतरलंय आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यातली नाही. बुवांना यायला अवकाश आहे, वीणा अजून खुंटीला आहे, तोवर एक आख्यान ऐका. यात देव नाहीत, दैत्यही नाहीत. एक शाळा आहे, भुईमुगाचा एक वाफा आहे आणि सरू नावाची एक पोर आहे. शेवट गोड करा असं मात्र म्हणू नका. पदरचं गोड घालून आख्यान सांगणं पांडुरंगाच्या दारात शोभत नाही.

लोणावळ्याच्या खालच्या अंगाला, धरणाच्या काठावर एक वाडी होती. सरूचा बाप कोंडाजी तिथला. त्याचं भाताचं खाचर दोन वर्षांमागं धरणाच्या पोटात गेलेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की जुने बांध उघडे पडत, आणि कोंडाजी काठावर उभा राहून मेलेल्या माणसाचं तोंड बघावं तसा त्यांच्याकडे बघत राही. पुढं तो रेल्वेच्या गँगमध्ये खडी टाकायला लागला. बायको बयाबाई लोकांच्या शेतात लावणीला जाई. खाचर होतं तेव्हा सरू आईच्या मागं मागं चिखलात उतरलेली. रोपाची मूठ कशी धरायची, अंगठ्यानं मूळ किती दाबायचं, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. पण हाताला ठाऊक असून काय करता? खाचरच राहिलं नव्हतं.

वाडीच्या शाळेत दोन मास्तर. थोरले अंबाजी हेडमास्तर, धाकटे वाहिद मास्तर. वाहिद मास्तर तळेगावाजवळच्या वराळ्याचे. पुण्याला वर्षभर शिकून आलेले, पण नोकरी हंगामी.

"हंगामी म्हंजी काय वो, गुर्जी?" पोरांनी एकदा विचारलं.

"भातासारखं रे. हंगाम आहे तोवर खळ्यावर गर्दी. नंतर खळं मोकळं." आणि स्वतःच हसले. शाळा तपासणारे डिप्टीसाहेब येऊन चांगला शेरा मारून गेले की ते कायम व्हायचे होते. घरी म्हातारी आई होती, दोन बहिणी लग्नाच्या होत्या.

या मास्तरांची रीत न्यारी. पोरांना ओढ्यावर न्यायचे, दगड उचलून खेकडी दाखवायचे. बेडकांची अंडी तांब्यात आणून खिडकीत ठेवायचे आणि रोज सकाळी पाढ्यांच्या आधी त्यांना शेपट्या फुटल्या का ते बघायला लावायचे. पोरांनी काही विचारलं की उत्तर एकच: "मला काय विचारता? करून बघा."

सरूला शाळेत आणली तीही त्यांनीच. कोंडाजी तयार नव्हता. मास्तर त्याच्या ओट्यावर जाऊन बसले आणि उठेचनात. शेवटी कोंडाजी वैतागला.

"दिवाळीपातूर न्या. फुडं तिला गुरांमागं धाडनार हाय मी."

"दिवाळीचं दिवाळीला बघू, कोंडाजी भाऊ," मास्तर म्हणाले आणि कोंडाजीची पाठ वळताच सरूकडे बघून डोळे मिचकावले.

एकोणीसशे चोवीस सालच्या वैशाखात त्यांनी शाळेच्या मागच्या चढावर वाफा आखला आणि घरून भुईमुगाचं बी आणलं. शेंगा पोरांनी खाल्लेल्या, लोणावळ्याच्या ठेसनावर, भाजलेल्या. पण झाड कुणी पाहिलेलं नव्हतं. त्या पावसाच्या मुलखात भुईमूग पेरतो कोण?

"चिंचंवानी झाड आसतंय," बजरंग म्हणाला. तो वर्गात सगळ्यांत थोराड. "वर लटाकत्यात शेंगा."

"न्हाई, मातीत आसत्यात," शमीम म्हणाली. ती चाँदभाई बांगडीवाल्याची धाकटी, सगळ्यांत लहान. "आमचे अब्बा सांगत हुते."

"मातीत? उंदीर पुरून ठिवत्यात व्हय गं?"

सगळी पोरं खदखदली. शमीमचे डोळे भरले. मास्तरांनी तिच्या ओंजळीत बी घातलं. "भांडू नका. लावून बघा."

पोरांनी मात्र हट्ट धरला की आधी राब भाजायचा. मावळात भाताच्या रोपासाठी शेण, पाचोळा, टहाळ्या पसरून जमीन भाजतात, तसा. मास्तर आधी नको म्हणाले, मग हसले, मग स्वतःच टहाळ्या ओढायला लागले. राखेत बी पडलं आणि जोमानं वर आलं. प्रत्येक पोराचं एक रोप, रोपाशी एक काटकी, काटकीवर ज्याचं त्यानं लिहिलेलं नाव. सरूनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं ते त्या काटकीवर.

"बघितलंत? तुमच्या राबानं माझा भुईमूग उठवला," मास्तर म्हणाले. ते बोलणं सरूनं मनात गाठ मारून ठेवलं.

आषाढ लागला. खाली खाचरांतून लावणीची घाई. त्यातच बकरी ईद आली. मास्तर गावी निघाले, जाताना म्हणाले, "पुढच्या आठवड्यात डिप्टीसाहेब येतायत. वाफा हीच आपली परीक्षा. सरू, लक्ष ठेव गं."

सरूनं लक्ष ठेवलं. वितीएवढी रोपं वाफ्यात दाटीनं उभी होती. आणि तिला दिसलं की सगळ्या वाडीच्या लावण्या उरकत आल्या, गुर्जींची तेवढी मागं राहिली.

"लावनी कराया पायजे," ती म्हणाली.

"ह्ये भात न्हाई," बजरंग म्हणाला.

"नाचनी तरी कुटं भात हाय? वरी तरी हाय का? ती उपटून लावत्यात का न्हाई?"

"लावत्यात."

"मंग? उपटून लावल्याबिगर फुटवं येतील का? गुर्जी यायच्या आदी करून टाकू. त्यांचा सन हाय, आपला आहेर."

बजरंगानं डोकं खाजवलं. "राबाचं आपलंच खरं झालं, ह्ये खरं."

"पन गुर्जींला इचारा की," शमीम म्हणाली.

"इचारलं तर काय म्हंत्यात ते? करून बघा!" सरू म्हणाली.

पोरं तुटून पडली. ओढ्याचं पाणी वाफ्यात वळवलं, पायांनी तुडवून तुडवून लोण्यासारखा चिखल केला. रोपं उपटली, मुळांची माती धुतली, मुठी बांधल्या. सरूनं सुतळी धरून ओळी आखल्या. आयाबायांची लावणीची गाणी म्हणत, कमरेत वाकून, पोरांनी सगळा भुईमूग चिखलात लावला. दोन वर्षांनी सरूची बोटं चिखलात गेली होती. तिला वाटलं, खाचर परत मिळालं.

शमीम तेवढी आपल्या रोपावर इरलं धरून बसली. "माज्या झाडाला हात लावायचा न्हाई." ओढलं तर रडली, चावायला उठली. तेव्हा तिचा कोपरा पोरांनी सोडून दिला.

मास्तर परतले ते फडक्यात खिरीचं भांडं बांधून. पोरं हात धरून त्यांना मागं घेऊन गेली. सगळ्यांच्या पोटऱ्यांवर चिखल वाळलेला.

मास्तर उभे राहिले. भांडं हळूच दगडावर ठेवलं. रोपं माना टाकून चिखलावर निजलेली.

"ओळी सरळ आहेत," ते म्हणाले. "कुणी आखल्या?"

"म्या," सरू म्हणाली. "फुटवं येतील न्हवं, गुर्जी?"

त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. चिखलातलं पाणी काढून बघितलं, माती भुसभुशीत करून बघितली. पानं पिवळी पडली, मग देठ काळे पडून कुजले. पोरांना कुणी सांगावं लागलं नाही. रोज सकाळी बघायची सवय मास्तरांनीच लावलेली.

एका सकाळी मास्तरांनी सगळ्यांना वाफ्याभोवती बसवलं. कोपऱ्यात शमीमचं रोप तरारून उभं होतं, त्याला पिवळं फूल आलेलं.

"रागावायला नाही बोलावलं. काय दिसतं ते सांगा."

सरू म्हणाली, "भात उपटलं तर बळ धरतं. शेंग उपटली तर रुसती. ज्याला त्याला येगळं लागतं." आणि हमसाहमशी रडायला लागली.

"हे तुला पुस्तकानं दिलं नसतं, पोरी," मास्तर म्हणाले.

पण डिप्टी यायचे ते उद्यावर आले होते. शाळा सुटल्यावर सरू विसरलेली पाटी घ्यायला माघारी आली, तर कुडापलीकडे हेडमास्तरांचा आवाज. अंबाजी हेडमास्तर दुष्ट नव्हते. त्यांना शेऱ्याची भीती वाटत होती, एवढंच.

"ऐका माझं, वाहिदमियाँ. वाफा कुणी नासवला विचारतील, तर कोंडाजीच्या पोरीचं नाव सांगा. द्वाड आहे, पटावरून काढून टाकतो म्हणा. तुमच्यावरचं किटाळ जाईल. नाहीतरी ती दिवाळीपुरतीच आहे."

सरूनं पाटी छातीशी घट्ट धरली.

"तिचा बाप निमित्तच शोधतोय, हेडमास्तर. एकदा काढलं की ती पोर पुन्हा शाळेच्या वाटेला लागायची नाही."

"आणि तुम्हाला काढलं तर?"

"माझा हा हंगाम गेला तर दुसरीकडे बघीन. तिचा एवढा एकच आहे."

दुसऱ्या दिवशी डिप्टीसाहेब आले, छत्री धरायला शिपाई घेऊन. वाफ्यापाशी थबकले.

"हे काय?"

"भुईमूग, साहेब," वाहिद मास्तर म्हणाले.

"चिखलात? लावणी केलेला?" साहेब हसले. साहेब हसले म्हणून शिपाई हसला. "कुणाची अक्कल ही?"

सरूचा पाय पुढं पडला. "म्या..."

"मीच सांगितलं होतं, साहेब," मास्तर तिचं बोलणं तोडून मोठ्यानं म्हणाले. "उपटलेलं आणि न उपटलेलं, दोन्ही मुलांनी बघावं म्हणून. ते कोपऱ्यातलं बघा. मुलांना विचारा, ती सांगतील काय शिकली ते."

साहेबांनी कोपऱ्याकडे पाहिलं नाही, घड्याळाकडे पाहिलं. गाडीची वेळ होत आली होती. "एक झाड आणि बाकी चिखल. मास्तर, बी नासवायला बोर्ड पगार देत नाही."

पोरांना कुणी काही विचारलं नाही. सरूच्या तोंडात उत्तर तयार होतं, ते तिथंच राहिलं.

भाद्रपदात मास्तरांना कामावरून काढल्याचा हुकूम आला. मास्तरांनी ट्रंक उचलली. पोरं वेशीपर्यंत गेली. "शमीमचं झाड आश्विन सरेपर्यंत उपटू नका," ते म्हणाले. "मी नसलो तरी बघा. आणि सरू, तू शाळा सोडायची नाहीस."

आता ऐका, माउलींनो. या माणसानं आपली भाकरी दिली ती एका पोरीची पाटी राहावी म्हणून. राहिली का?

वाडीत बोलणं पसरलंच. कोंडाजीच्या कानावर गेलं. तो ओरडला नाही, मारलं नाही.

"त्यो मानूस माज्या वट्यावर बसून तुला मागून घिऊन गेला. आन त्याचीच भाकर तू काडलीस?"

"आबा, म्या साळंत ऱ्हावं म्हनूनच त्यांनी आपल्यावर घेतलं! म्या ऐकलंय!" सरूनं सगळं सांगितलं. तिला वाटलं, हे ऐकून आबा निवळेल.

कोंडाजी खाली बसला. बराच वेळ जमीन उकरत राहिला. "म्हंजी तर लयच वंगाळ झालं," तो म्हणाला. "आता कुटलं त्वांड घिऊन तितं बसशील?" आणि त्यानं पाटी पुसून माळ्यावर टाकली. दिवाळीसुद्धा गाठू दिली नाही. ज्याचं खाचर न विचारता गेलं, त्याला दुसऱ्याचं काही फुकट घेणं सोसत नव्हतं; तो त्याचा धर्म. पण त्या धर्मापायी पोरीची शाळा गेली.

आश्विनाच्या अखेरीला सरू शेण गोळा करत शाळेमागच्या चढावर आली. आत नव्या मास्तरांचा वर्ग चालला होता. "भुईमुगाच्या शेंगा जमिनीत लागतात," पोरं एका सुरात घोकत होती. वाफ्यात हेडमास्तरांची म्हैस बांधलेली. शमीमनं झाडाभोवती काटे लावले होते, तरी म्हशीनं वरचा पाला ओरबाडलाच होता.

मधल्या सुट्टीत शमीम धावत आली. दोघींनी बोटांनी माती उकरली. मुळांपाशी ओल्या, पांढुरक्या शेंगा लोंबत होत्या. फार नव्हत्या.

"हायत की गं मातीत!" सरू ओरडली. मग तिनं आजूबाजूला पाहिलं. दाखवायचं कुणाला?

शेंगा फडक्यात बांधून चाँदभाईंकडे दिल्या. ते तळेगावच्या बाजाराला गेले तेव्हा वाट वाकडी करून वराळ्याला गेले आणि फडकं तसंच परत घेऊन आले. घराला कुलूप होतं. आईला आणि बहिणींना घेऊन मास्तर कुठं काम शोधायला गेले, कुणाला धड सांगता येईना. कुणी मुंबई म्हणे, कुणी भुसावळ.

शेंगा फडक्यात वाळल्या. सरूनं त्या खाल्ल्या नाहीत, आणि पेरायला खाचर कुठं होतं?

ती सरूबाई आता आपल्यातच येते, खांबाला टेकून बसते. कीर्तनाला कधी चुकत नाही. एकादशीला दाण्याचा लाडू पुढं आला की हात जोडते आणि ताट पुढं सरकवते. पोथी वाचता येत नाही, ऐकते. मात्र स्वतःचं नाव तिला अजून लिहिता येतं, तेवढं एकच.

तर बाबांनो, माझं मागणं एवढंच. येत्या एकादशीला मूठभर दाणे तळहातावर घ्याल, तेव्हा तोंडात टाकण्याआधी वराळ्याच्या त्या मास्तरांची आठवण करा. वाहिद मास्तर म्हणायचे त्यांना.