यादी एकदाच वाचायची

गेली बारा वर्षं दर सहा महिन्यांनी तीच चाळीस म्हातारी माणसं त्या खोलीत यायची आणि मानसशास्त्रज्ञ बाई त्यांना शब्दांची एक यादी वाचून दाखवायच्या. पडदा, घंटा, कढई, असे साधेच शब्द, दर वेळी नवे. यादी एकदाच वाचायची. मग वीस मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा, आणि मग विचारायचं, किती आठवतात? म्हातारपणी आठवण कशी उतरत जाते, हे शोधायचं ते काम होतं. नियम बाईंचेच, आणि नियमांच्या बाबतीत बाई महाखडूस. कुणी "परत एकदा वाचा ना" म्हणून गयावया केली, की त्या नुसत्या चष्म्यावरून बघायच्या.

यंदा आकडे चक्क वर गेले. पंचाहत्तरी उलटलेली माणसं पूर्वीपेक्षा जास्त शब्द सांगू लागली. बाई हरखून गेल्या. या वयात आठवण सुधारणं म्हणजे काही खायचं काम नाही. आकडेमोड बघणारी त्यांची तरुण सहकारी मात्र खूश दिसेना. तिने खाली मान घालून एक पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"मॅडम, ही यंदाच्या तपासण्यांची रेकॉर्डिंगं तुम्ही एकट्याच ऐका," ती म्हणाली आणि जाताना दार लावून घेतलं.

बाईंनी ऐकलं. त्यांचाच आवाज यादी वाचत होता. मग खिडकी लावल्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा. आणि पुन्हा तोच आवाज, तितकाच प्रसन्न: "आता मी शब्द वाचते. एकदाच हं." तीच यादी, पहिल्यापासून.

दुसऱ्या रेकॉर्डिंगमध्येही तेच. पाचव्यात मध्येच फोन वाजला होता, आणि फोन ठेवल्यावर परत यादी. सातव्यात तर तीनदा. यादी वाचल्याचं त्यांना आठवत होतं, पण प्रत्येक वेळी एकदाच. म्हणजे सुधारलं कुणीच नव्हतं.

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, वय झालं, चालायचंच. बाईंना ती सोय नव्हती. इथून पुढे काय काय होतं, त्याचा आलेख त्यांनी स्वतः काढून भिंतीवर लावला होता. आता त्याच्याकडे बघायचा त्यांना धीर होईना.

दुपारी त्या चाळिसांपैकी एक, टेलरमास्तर, तपासणीला आले. वय ऐंशीला टेकलेलं, पण जीभ अजून कात्रीसारखी चालायची. बाईंनी यादी काढलीच नाही.

"मास्तर, खरं सांगा. मी यादी दोनदा वाचते?"

"कधी दोनदा, कधी तीनदा."

"मग बोलला का नाहीत?"

"आधी वाटलं, तपासणीचाच भाग असेल. तुम्हा लोकांचा काय नेम? मग बाहेर बाकावर विषय निघाला, तर सगळ्यांचं तेच. तेव्हा ठरलं, कुणी ब्र काढायचा नाही. मॅडम, आम्ही इथे काय काय विसरलो, पण तुम्ही एकदाही हसला नाहीत." मास्तर जरा थांबले. "शिवाय आमचे मार्क वाढत होते. ते कुणाला नकोत?"

बाई हसल्या.

"मला भीती वाटतेय, मास्तर. माझी परीक्षा घ्या. माझ्या याद्या नकोत, त्या मीच केल्यात. तुमचे शब्द सांगा."

मास्तर बाईंच्या खुर्चीत बसले, बाई मास्तरांच्या. या खुर्चीतून भिंतीवरचा आलेख थेट समोर दिसतो, हे बाईंना बारा वर्षांत कळलं नव्हतं.

"बटण, अस्तर, खडू, टाचणी, बाही, खिसा, दोरा, कॉलर, इस्त्री, काज," मास्तर सावकाश म्हणाले. मग त्यांनी एका वकिलाच्या कोटाची गोष्ट लावली. घाईत दोन्ही बाह्या उजव्या शिवल्या गेल्या, वकील तोच कोट घालून कोर्टात उभा राहिला, आणि वर खटलाही जिंकला! बाई एरवी खो खो हसल्या असत्या. आता त्या मनातल्या मनात शब्द घोकत होत्या आणि घोकता घोकता ते निसटत होते.

वीस मिनिटं झाली. मास्तरांनी पेन्सिल उचलली. "सांगा."

"बटण. खडू. इस्त्री." बाई थांबल्या. "बाही..." पण बाही यादीत होती, की कोटाच्या गोष्टीत? त्यांना काही केल्या सांगता येईना. "ती नका धरू. नक्की नाही."



"मास्तर," बाई अगदी हळू म्हणाल्या, "परत एकदा वाचा ना."

मास्तरांचे डोळे भरून आले होते. तरी त्यांनी चष्म्यावरून बघितलं, अगदी बाई बघायच्या तसं.

"नाही मॅडम. आम्ही गप्प बसलो, तीच चूक झाली. यादी एकदाच." त्यांनी कागद पुढे ओढला. "किती लिहू?"

"तीन," बाई म्हणाल्या. "आणि वर क्रमांक घाला. एक्केचाळीस."