मिक्सरची चावी

देवाने थोरलीला सांगितलं तेव्हा ती मैदा चाळत होती. उजेड पडला नाही, अंगावर काटाबिटा काही आला नाही. चाळता चाळता मनात एक वाक्य आलं, ‘लांब्याला परत बोलाव,’ आणि ते आपलं नव्हे एवढं तिला कळलं. तिचं असतं तर तिने ते मनाच्या दारातही उभं केलं नसतं. तिने उरलेला मैदा चाळला, डबा झाकला आणि भट्टीपाशी जाऊन दिराला सांगितलं.

“कोणी सांगितलं?” दीर म्हणाला.

“देवाने.”

“मला काही बोलला नाही तो. मीही इथेच उभा होतो.”

आता हा लांब्या कोण, ते सांगायला हवं. त्यांच्या बेकरीत पीठ मळायचं काम त्याचं. उंच इतका, की दारातून येताना मान वाकवायचा आणि तरीही अधूनमधून चौकटीवर डोकं आपटून घ्यायचा. मोठ्या मिक्सरचा त्या बेकरीत एक नियम होता: ज्याचा हात भांड्यात, चावी त्याच्या खिशात. भांडं खरवडून झालं की तो “मोकळं” म्हणायचा आणि चावी लांब्याला द्यायचा, मग लांब्या ती लावून फिरवायचा. नियम घातला थोरलीच्या नवऱ्यानेच आणि वर्षानुवर्षं पाळलाही त्यानेच. फक्त त्या दिवशी वाकताना चावी मांडीला टोचायला लागली, म्हणून “जरा धर रे” म्हणत त्याने ती लांब्याच्या हातात दिली आणि पुन्हा आत वाकला. लांब्या दारातल्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. चावी हातात आली म्हणजे भांडं मोकळं, हे त्याच्या हाताला इतकं पाठ होतं की हाताने डोक्याला विचारलंच नाही. चावी लावली, फिरवली.

पुढचं सांगत नाही. थोरलीने ते पाहिलं, आणि तेव्हापासून तिला काही वाटेनासंच झालं. ती रडली नाही. लोक म्हणाले, धीराची बाई आहे. धीर कसला डोंबलाचा. भट्टीचा पत्रा हाताला लागला तरी चटका उशिरा कळायचा, आणि जेवण झालं की नाही हे ताट बघून ठरवावं लागायचं. प्रार्थना ती रोज करायची, पण शब्द नुसते जिभेवरून जायचे. मागायची एकच गोष्ट: काहीतरी वाटू दे.

लांब्याला परत आणायचं म्हटल्यावर घरात रान उठलं. सासूबाई म्हणाल्या, “माझा मुलगा खाल्ला त्याने.”

“चुकून झालं, आई.”

“चुकून गेलेला परत येतो का गं?”

नणंदेने फोनवर सुनावलं, “दुःखाने डोकं फिरलंय तुझं. डॉक्टरला दाखव.” थोरलीला तेही पटण्यासारखं वाटलं. तिने देवाला पुन्हा विचारून पाहिलं, नीट बसून, डोळे मिटून. काही नाही. एकदा सांगितलं, विषय संपला; सासऱ्यांचीही हीच खोड होती.

शेवटी दिराने ठणकावलं, “तो आत आला की मी बाहेर. मग भट्टी तुझा देव सांभाळेल.”

दिराशिवाय बेकरी चालणार नव्हती, हे तिला चांगलं ठाऊक होतं. भट्टीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. तो आवाज तिच्याच फिरलेल्या डोक्याचा निघाला असता, तर दीर, सासू आणि पोटापाण्याचा धंदा तिने फुकटच घालवला असता. हे सगळं समजत होतं. काळजी तेवढी वाटत नव्हती.

लांब्या एका गोदामात पोती वाहत होता. तिला बघून त्याने पोतं खाली ठेवलं आणि खालीच बघत राहिला.

“नको वहिनी. मला विचारू नका.”

“मी विचारत नाहीये. मलाही कोणी विचारलं नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. दारात मान वाकवली. सासूबाईंनी गल्ल्यामागून तोंड फिरवलं. दीर एप्रनची गाठ सोडायला लागला. भांडं सकाळपासून तसंच पडलं होतं. थोरलीने नवऱ्याचा एप्रन चढवला, चावी काढून खिशात टाकली आणि खांद्यापर्यंत आत वाकली. एप्रन तिला ढगळ होता. चावी घसरली, फरशीवर पडली आणि सरकत थेट लांब्याच्या पायापाशी गेली.

त्याने ती उचलली. पडलेली वस्तू माणूस उचलतोच. हातात काय आलंय, ते उचलल्यावर कळलं.

“वहिनी, हात काढ,” दीर म्हणाला. ओरडायला त्याच्यात आवाजच उरला नव्हता. “आधी हात काढ.”

काढणं सोपं होतं. कोणीही काढला असता. तिला बोटांखाली गार पत्रा लागत होता, मळायच्या आकड्याला चिकटून वाळलेलं पीठ लागत होतं, आणि तेवढ्यात भीती वाटली. खरीखुरी. इतके महिने मागितलं, आणि दिलं ते नेमकं हे. “तूच सांगितलंस ना,” ती भांड्यात पुटपुटली, आणि हात आतच ठेवून खरवडत राहिली.

लांब्याने मूठ घट्ट वळली. मिक्सरकडे पाठ केली, दाराबाहेर गेला, रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. जाताना डोकं चौकटीवर आपटलं, ते त्याला कळलंही नसावं.

तिने भांडं पुरतं साफ केलं. हात धुतले. मग रस्ता ओलांडून त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

“मोकळं,” ती म्हणाली.

त्याने मूठ उघडून चावी पुढे केली. तळव्यावर चावीचे दाते उमटले होते. तिने चावी घेतली नाही, त्याची बोटं पुन्हा मिटवली. “तूच लाव. चल.”

परत येताना रस्त्यातच ती रडायला लागली. नवऱ्यासाठी, आज, एवढ्या उशिरा. समोर दीर बेकरीच्या दारात येऊन उभा होता. एप्रनची नाडी त्याच्या हातात होती. तो ती सोडत होता की बांधत होता, ते तिला डोळ्यांतल्या पाण्यामुळे दिसेना. ती तशीच चालत राहिली.