भिकुबाईंच्या गेममधली कानबाई

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि मी चिडलेलो आहे. आपली कहाणी सांगताना माझ्यासारख्यांनी गोड बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. आज ते जमणार नाही.

जळगावात लखीचंदशेठच्या दुकानात माझे भाग जोडले गेले. कुंदन कॉलेजात होता, तेव्हा त्याने मला मेहरूणच्या घरी आणलं. त्याच्या आईने, भिकुबाईंनी, मला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. चार वर्षं कुंदनने माझ्यावर अभ्यास कमी केला आणि गेम जास्त खेळले. मग नोकरी लागली, लॅपटॉप आला, आणि मी जुन्या लुगड्याखाली झाकला गेलो. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पुढे भिकुबाईंचे गुडघे धरले, बाहेर जाणं थांबलं. आईचा वेळ जावा म्हणून कुंदनने मला लुगड्याखालून काढलं आणि तिला ठोकळे रचून गाव बांधायचा गेम शिकवला. सुरुवातीला माऊस सारखा टेबलावरून खाली पडायचा. महिन्याभरात बाईंनी गल्ली बांधली, विहीर खणली, ओट्यापुढे तुळस लावली. मग त्या गेममध्येच त्यांना खान्देशी लोकांचा एक ग्रुप सापडला. सुरतेची डिंपल, पुण्याचा जीवराम, आणि जळगावच्या मारवाडी घरातली, आता चेन्नईत नोकरी करणारी चेलना. हेडफोनमधून तिघंही सारखी "अक्का, अक्का" करायची. घरात भिकुबाईंना इतक्या हाका कुणी मारत नव्हतं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

यंदा श्रावणात आमच्या खान्देशची देवी कानबाई भिकुबाईंच्या घरी बसणार होती; तिचा रोट, म्हणजे फक्त भाऊबंदांनीच खायचा प्रसाद, तिथेच होता. ग्रुपमधली पोरं यायला मिळत नाही म्हणून हळहळली, तेव्हा बाईंनी गेममधल्या गावातच कानबाई बसवली. जीवरामने चौरंग केला, डिंपलने मांडव घातला. चेलना म्हणाली, "अक्का, लहानपणी मी शेजारच्यांच्या दारातूनच बघायचे. रोट भाऊबंदांचा, मला आत कोण बोलावणार?"

"तू आते मन्ही पोर शेस," भिकुबाई म्हणाल्या. देवीची नथ त्यांनी चेलनाकडून करून घेतली आणि तिच्या पानात रोट वाढला. ठोकळ्यांचाच, पण रोट. हेडफोनमध्ये बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज येत होता.

रोटाच्या रविवारी सगळी भाऊबंदकी घरी जमली; धरणगावहून थोरले दीर नवलभाऊ आले. भिकुबाईंना वाटलं, भाऊंना कौतुक वाटेल. त्यांनी त्यांना माझ्यापुढे बसवून मांडव दाखवला, नथ दाखवली, कुणाचं पान कुठलं तेही सांगितलं.

त्या भाऊंचं ताट आणायला वळल्या, तोच नवलभाऊ ताडकन उठले. "रोट परकास्ना पानमा? बठ्ठी भाऊबंदकी आठे बशेल शे, आनी हाई काय चालनं? देवी कोपनी त कोन जबाबदार? कुंदन, पुस ते!"

माझा संताप काय सांगू! ह्याच नवलभाऊंच्या मोबाईलवर 'हा मेसेज अकरा जणांना पाठवा, देवी पावेल' असलं रोज चालतं. तेव्हा ते अकरा जण कोणत्या भाऊबंदकीतले, हे कुणी विचारत नाही. आणि कुंदन? तो रोज रात्री कुठल्या कुठल्या देशांतल्या अनोळखी पोरांबरोबर बंदुकांचा गेम खेळतो. आईची ओळखीची माणसं मात्र परकी! पण काकांनी सांगताच तो माझ्यासमोर खुर्चीवर बसला आणि त्याने माऊस धरला.

मला बोलता येत नाही. येतं तेवढं मी केलं. पडद्यावर विचारलं, 'हे कायमचं पुसलं जाईल. नक्की?'

भिकुबाई दारात ताट घेऊन उभ्या होत्या. "कुंदन, थांब ना रे," त्या म्हणाल्या. कुंदनने मागे वळून पाहिलं नाही. त्याने 'हो' दाबलं. अडीच वर्षांचं गाव पाच सेकंदांत गेलं, आणि ते पुसलं मीच. मालक सांगेल ते करायचं, हीच माझी घडण. त्या दिवशी मला माझ्या घडणीची किळस आली.

सोमवारी वाजंत्री लागली. बायका कानबाई डोक्यावर घेऊन विसर्जनासाठी मेहरूणच्या तळ्याकडे निघाल्या. कुंदनने आईसाठी रिक्षा आणली. "आई, चल ना, सगळे थांबले आहेत."

भिकुबाई माझ्यासमोर बसून होत्या. पडदा काळा होता.

"मन्ही कानबाई तुम्ही कालच बुडाई टाकी," त्या म्हणाल्या. "आते तळावर मी काय कराले येऊ?"

नवलभाऊंनी ते ओट्यावरून ऐकलं. त्यांनी टोपी सारखी केली आणि ते मिरवणुकीत गेले. कुंदन रिक्षावाल्याला परत पाठवायला बाहेर गेला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटका, असं मी सांगणार नाही. धुळीने मी मरत नाही. पण कुणाचा छंद, कुणाची माणसं, कुणाची देवी पुसायला बसाल आणि माझ्यासारखा एखादा खोका 'नक्की?' असं विचारेल, तेव्हा बोट उचला आणि आधी ज्याचं आहे त्याला विचारा. आमच्या घरी कुणी विचारलं नाही. बाई तर चार पावलांवर उभी होती.