सगळ्यांचं जाळं एकदम

बुधराम आजाचा श्वास मोटारपंपात हवा शिरल्यासारखा अडकत अडकत यायचा. तरी मृत्युपत्रावर सही करायला तो तयार होता. अट एकच. घरातल्या आणि तिथं हजर असलेल्या प्रत्येकानं त्याच क्षणी आपापलं मृत्युपत्र करायचं.

"तलावात पहिलं जाळं कोणी एकट्यानं टाकते का?" आजा म्हणाला. "सगळे एकदम टाकतात. मंग तलावाले समजत नाही, कोणाले आत ओढा लागते. मी एकटाच लिहिलो तं यमाले पत्ताच भेटला ना!"

जन्मभर मासे धरलेला माणूस. यमाला तो मोठा तलावच समजत होता.

घर आजानं स्वतः बांधलेलं. ते ज्योत्सना मावशीला मिळावं, एवढंच लिहायचं होतं. मावशी म्हणजे माझ्या आईची बहीण, आजाची विधवा सून. त्याचं हगणं-मुतणं तीच काढायची. लाखांदूरहून आलेल्या उर्वशी वकीलबाईंनी सांगितलं होतं, कागद झाला नाही तर अर्धं घर आजाच्या धाकट्या मुलाचं, हेमराजकाकाचं. काकानं आपल्या वाट्याचं शेत विकून तुमसरला बंगला बांधलेला. हे अर्धंही त्याला विकायचं होतं. तसं झालं की वाटणीची भिंत नेमकी चुलीवरून जाणार. फोडणी मावशीची, भात परक्याचा. मावशीला दुसरं घर नाही. आमच्याकडे मीच गाडीच्या बाजूला झोपतो.

म्हणून आम्ही लिहायला बसलो. मी माझी गाडी मावशीच्या नावानं केली, हप्त्यांसकट. वकीलबाईंनी आपली स्कूटी भावाला दिली. हेल्मेट दिलं नाही. साक्षीला आलेल्या शेजारच्या लक्ष्मणरावांनी विचारलं, "बकरीचाही अंगठा लावा लागते का?"

आजानं खरोखर विचार केला. "बकरी कुठी जाळं टाकते?"

मावशी कागद धरून बसली होती. "माह्याजवळ काहीच नाही ना जी. काय लिहू?"

"काही तरी लिहा," वकीलबाई म्हणाल्या. मावशीनं एकच ओळ लिहिली.

"हेमराज कुठी आहे?" आजा म्हणाला. "तोही घरचाच आहे."

ज्याला काही मिळणार नव्हतं, त्यालाच बोलावून आणायचं होतं. मी फोन केला. "मले काय झालं? मी कायले मृत्युपत्र लिहू?" काका ओरडला. पण बाप जातो म्हटल्यावर आला. त्यानं बापाचे पाय धरले, मग आपल्यापुढचा कोरा कागद पाहिला आणि घामानं भिजला. लोभ म्हणावा, तर त्यानं तो कागद पालथा घालून ठेवला. बापाला होती तीच यमाची भीती त्याच्यात उतरलेली. शेतासारखी तिची काही वाटणी झाली नव्हती.

"बाबा, पहिले तुम्ही."

"एकदम म्हटलं ना बे!"

उशीला टेकवून आजाच्या हातात पेन दिला. "तीन म्हटलं की सही," वकीलबाई म्हणाल्या. "एक, दोन, तीन!"

आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. आजा काकाच्या हाताकडे पाहत राहिला, काका आजाच्या. दोघांचेही पेन हवेतच.

"पुन्हा," आजा म्हणाला.

पुन्हा झालं. माझी गाडी मावशीला दुसऱ्यांदा मिळाली.

"हेमराज, कर ना रे बापा," मावशी म्हणाली. "नावापुरती कर. मंग फाडून टाकजो. मी तुह्या पाया पडतो."

"वहिनी, मले भेव लागते," काका म्हणाला. एवढा मोठा माणूस, मिशीवाला.

"मामाजी, तुम्ही तरी करा ना!" मावशी सासऱ्याला म्हणाली.

आजानं मावशीकडे पाहिलं. पेन कागदापर्यंत नेला. टेकवला. एक ठिपका उमटला. मग डोळे परत काकाच्या हाताकडे गेले आणि तिथंच थांबले. पंप बंद पडला होता.

लक्ष्मणरावांनी आजाच्या नाकापुढे हात धरला आणि काढून घेतला. काका बापाच्या छातीवर पडून मोठ्यानं रडला. त्याचा कागद कोरा होता.

"मॅडम, ठिपका चालते का?" मी विचारलं. वकीलबाईंनी मान हलवली. चालत नव्हता.

मावशी चुलीजवळ उभी होती. भिंत येणार होती, बरोबर तिथंच. हातातला कागद तिनं वकीलबाईंपुढे धरला. त्यावर लिहिलं होतं : मी मेल्यावर मामाजीले दोन्ही टाइम खिचडी कोणीतरी द्यावी, पातळ.

"हे आता," ती म्हणाली, "कॅन्सल करा लागते का जी?"